जुना हमरस्ता आणि सायकलचें चाक

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आम्हांस प्रथम होते. ज्या वाटांवरून सैन्यें गेलीं, मीठ, तांदूळ आणि कापड यांच्या गाड्या चालल्या, त्या वाटांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक पाहतां रस्त्यालाहि जन्म आहे, भरभराट आहे आणि विस्मरण आहे. इतकेंच नव्हे, तर क्वचित् प्रसंगीं पुनर्जन्महि आहे. पनवेल हें गांव रस्त्यामुळें वाढलें आणि रस्त्यामुळेंच एकदां मागें पडलें. असल्या इतिहासाचा विचार करण्यास याहून योग्य ठिकाण आमच्या प्रांतांत क्वचितच सांपडेल. या विचारांत आम्ही फ्रान्स देशाला सोबतीस घेणार आहों, याचें वाचकांस थोडें नवल वाटेल. पण दोहोंना जोडणारा दुवा साधा आहे. तो म्हणजे सायकल.

मुंबई हें बेट, पुणें हें घाटावर, आणि दोहोंमध्यें खाडी. या भूगोलांतच पनवेलचें भाग्य लिहिलेलें होतें. मुंबईहून होडीनें निघावें, पनवेलच्या खाडींत शिरून धक्क्यावर उतरावें आणि तेथून बोरघाटाची वाट धरावी, हा पुण्यास जाण्याचा रूढ मार्ग होता. ज्यानें पुढें वॉटर्लू येथें नेपोलियनचा पराभव केला, त्याच वेलस्लीनें १८०४ च्या सुमारास तोफा नेण्यासाठीं घाट व घाटाखालचा रस्ता सुधारण्याचा आग्रह धरला. तरी चाकाची गाडी सुखानें घाट चढूं लागली ती १८३० सालीं. त्या वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें घाटाचा नवा रस्ता गाड्यांस खुला केला. पनवेलचा बैलगाडीशीं किती निकट संबंध होता याची साक्ष सरकारी गॅझेटियरांतहि मिळते. गाड्यांचीं चाकें तयार करणें हा येथील प्रमुख धंदा असून घाटावरून उतरलेला गाडीवान परततांना चाकांची एक जोडी घेतल्याशिवाय सहसा जात नसे, असें त्यांत नमूद आहे.

चाकांच्या या गांवाला अखेर लोखंडी चाकानेंच मागें टाकलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढें लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशीं आला. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा भाग सुरू झाला आणि १८६३ सालीं बोरघाटाचा चढहि रुळांनीं जिंकला. मुंबई-पुण्याचा प्रवास आतां कल्याण-कर्जतवरून अखंड होऊं लागला व पनवेल त्या वाटेवरून वगळलें गेलें. पनवेलच्या स्टेशनांत आगगाडी येण्यास आणखी सुमारें शंभर वर्षें जावीं लागलीं. रस्ता नाहींसा झाला नाहीं. आसपासच्या गांवांचा माल त्यावरून जातच होता. परंतु दूरच्या वाटसरूनें त्याकडे पाठ फिरविली.

हीच गोष्ट त्याच सुमारास फ्रान्समध्यें घडत होती. अठराव्या शतकांत तेथील राजांनीं पॅरिसपासून राज्याच्या सीमांपर्यंत सरळ, दुतर्फा झाडी असलेले राजमार्ग बांधविले. त्यांपैकीं पुष्कळसें काम शेतकऱ्यांकडून वेठीनें करून घेतलें गेलें, हेंहि विसरतां कामा नये. क्रांतीपूर्वीं प्रजेच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांत ही वेठ एक होती. मग १८४२ च्या कायद्यानें लोहमार्गांचें जाळें आंखलें गेलें. टपालाच्या घोड्यांचीं ठाणीं ओस पडूं लागलीं आणि १८७३ सालीं तीं कायमचीं बंद झालीं. वाटेवरच्या खाणावळींचें गिऱ्हाईक गेलें. देशांतील उत्कृष्ट सडका कांहीं दशकें जवळजवळ रिकाम्या पडून राहिल्या.

त्या रिकाम्या सडकांवर पुन्हां परगांवचा माणूस आणला तो सायकलनें. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेल्या धांवेचें पेटंट घेतलें. १८९१ सालीं मिशेलिन बंधूंनीं काढतां-घालतां येणारी धांव केली, आणि हाडें खिळखिळीं करणारें हें वाहन दूरच्या प्रवासास योग्य झालें. १८९० सालींच फ्रान्सचा टूरिंग क्लब स्थापन झाला होता. त्यानें ठिकठिकाणीं दिशादर्शक पाट्या उभारल्या व प्रवाशांस उतरण्याजोगीं ठिकाणें नमूद केलीं. सेंत-एतिएन गांवचा पॉल द व्हिव्ही हा मूळचा रेशमाचा व्यापारी. त्यानें १८८७ सालीं सायकलवरच एक नियतकालिक काढलें आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें तो प्रवासी सायकलस्वारांचा गुरु बनला. चढ आला कीं गियर बदलावा, हें त्याचें मत शर्यतीच्या चालकांना फार दिवस पटलें नाहीं. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध महाशर्यतींत अशा यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ सालीं; तोंवर व्हेलोसिओ मरण पावून सात वर्षें लोटलीं होतीं. तो गेला तो डोंगरावरून कोसळून नव्हे, तर आपल्याच गांवच्या रस्त्यांत ट्रामच्या धक्क्यानें.

शर्यत आणि प्रवास हे सायकलचे दोन निराळे संप्रदाय होत, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्त बंदरास जाऊन परत येण्याची सुमारें १२०० किलोमीटरांची शर्यत झाली व शार्ल तेराँ यानें ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. पुढें याच वाटेवर दुसरी प्रथा रुजली. तींत पहिला कोण व शेवटचा कोण हें पाहात नाहींत. नेमलेल्या मुदतींत जो पोंचला तो सफल. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ६०० स चाळीस तास, आणि पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस यास नव्वद तास. या फेऱ्यांना ‘ब्रेव्हे’ म्हणतात. तथापि सायकलीचें क्षेत्र केवळ हौशी मंडळींपुरतें राहिलें नाहीं. १९३६ सालीं फ्रान्समध्यें कामगारांस दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळाली. तेव्हां गिरणींतला मजूर व त्याची बायको दोघांच्या जोडसायकलीवर सामान बांधून समुद्र पाहण्यास निघालीं. ज्यांच्या पूर्वजांनीं वेठीनें ते रस्ते बांधले, त्यांचीं नातवंडें प्रथमच त्यांवरून आपल्या मर्जीनें हिंडूं लागलीं. आमच्या मतें सायकलच्या इतिहासांत कोणत्याहि विजेत्याच्या पराक्रमाहून ही घटना मोठी आहे.

आमच्याकडे हें वाहन आलें तें साहेबाच्या मौजेची वस्तु म्हणून. पण लौकरच तें कारकून, दूधवाला आणि विद्यार्थी यांचें झालें. मुंबईच्या पारशी तरुणांनीं तर कमालच केली. १९२३ च्या ऑक्टोबरांत सहा जण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर ओलांडून १९२८ च्या मार्चांत परत आले. पनवेलच्या रस्त्याला मात्र सायकलचा मान मिळाला तो मुंबई-पुणें शर्यतीमुळें. पनवेल मागें टाकून, चौक, खालापूर करीत खोपोली गांठावी, आणि तेथून सुमारें पांचशें मीटरांचा उभा चढ चढून खंडाळ्यास पोंचावें. जो हा चढ प्रथम चढतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्सच्या महाशर्यतींत १९३३ पासून ‘डोंगरांचा राजा’ हा किताब आहे. शब्द सारखेच, पण आमच्या शब्दांत कोंकणचा घाम आहे. २०१० च्या सुमारास ब्रेव्हेची प्रथाहि भारतांत आली, आणि २०१९ च्या पॅरिस-ब्रेस्त फेरींत भारताचे शेंकडों सायकलस्वार होते.

इतक्यांत या रस्त्याच्या नशिबीं दुसरें स्थित्यंतर आलें. २००२ सालीं कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत सुमारें ९४ किलोमीटरांचा द्रुतगति महामार्ग पुरा झाला. त्यावर पादचारी, बैलगाडी, सायकल व मोटारसायकल यांना मज्जाव आहे. वेग हेंच ज्याचें प्रयोजन, तेथें हा नियम योग्यच आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. उलट, आगगाडीनें एकदां रिकामा केलेला जुना रस्ता दुसऱ्यांदा हलका होऊन मंदगति प्रवाशाच्या वांट्यास येण्याची ही संधि होती. ती साधली कां? लांबच्या मोटारी पुष्कळशा नव्या वाटेनें जाऊं लागल्या खऱ्या. पण न्हावाशेवा बंदराच्या अवजड मालगाड्या आणि पनवेलभोंवतीं वाढलेली वस्ती यांनीं जुना रस्ता पुन्हां भरून टाकला. १८३० च्या रस्त्याचें स्मारक म्हणून ओळखला जाणारा अमृतांजन पूलहि एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीच्या सामसुमींत, पाडण्यांत आला. त्याचे खांब नव्या महामार्गावरील वाहतुकीला अडथळा करीत होते.

फ्रान्समध्यें निराळेंच घडलें. मोटारींमुळें तेथील लहान लोहमार्ग ओस पडले, तेव्हां बर्गंडी प्रांतांत झिव्री ते क्लुनी या बंद लोहमार्गाची वाट १९९७ सालीं सायकलस्वार व पादचारी यांना खुली करण्यांत आली. ज्या रुळांनीं सडका ओस पाडल्या, त्यांच्याच जागेवर आतां सायकल चालते! आतां ल्वार नदीच्या कांठानें सुमारें नऊशें किलोमीटरांची सलग वाट आहे. वाटेवरच्या गांवांतल्या भटारखान्यांना व खाणावळींना तिनें पुन्हां गिऱ्हाईक मिळवून दिलें.

यावर कोणी म्हणेल कीं, तेथली हवा थंड, आमच्याकडे वैशाखाचें ऊन आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. फ्रान्सची नक्कल येथें कशी चालावी? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. पनवेलच्या रस्त्यावरील सायकलस्वार हा केवळ रविवारचा हौशी प्रवासी नव्हे. तळोजा-कळंबोलीच्या कारखान्यांत पाळीला जाणारा मजूरहि त्यांत आहे, आणि त्याला ऋतु निवडण्याची मोकळीक नाहीं. हौशी प्रवाशास रस्त्याची जी कड हवी, तीच या मजुराचा जीव राखणारी आहे.

बोरघाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. इंग्रज अधिकाऱ्यांस घाटाची वाट सांपडेना, तेव्हां ती एका धनगरानें दाखविली व बक्षीस म्हणून त्यास मरण मिळालें, अशी आख्यायिका सांगतात. तिच्यांत इतिहास किती हा प्रश्न निराळा. पण लोकांच्या आठवणींत घाटाची वाट गव्हर्नराच्या नांवावर नसून मेंढरांमागें चालणाऱ्याच्या नांवावर आहे, एवढें त्यावरून दिसतें. आजहि येणारेजाणारे तेथें थांबून नाणें वाहतात. पनवेलपासून या देवळापर्यंत जुन्या रस्त्याला हातभर रुंदीची निर्वेध कड, अंतर दाखविणारे दगड आणि १८३० च्या कामाची आठवण देणारी एखादी पाटी, एवढें झालें तरी पुष्कळ आहे. त्याचा खर्च द्रुतगति महामार्गाच्या खर्चापुढें नगण्य ठरेल. आणि ज्या गांवानें शेंकडों गाडीवानांना चाकें पुरविलीं, त्यानेंच ही मागणी प्रथम करावी हें सर्वथा उचित होईल.