शाळकरी खेळाडूंची डोप टेस्ट नेमकी कशी होते?

आमच्या अंजनगाव सुर्जीत कुस्ती आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मला व्हॉट्सॲपवर पावडरच्या डब्यांचे फोटो पाठवतात. "भाऊ, हे घेतलं तं चालते काय?" फोटोवरून ते कुणालाच सांगता येत नाही. पण टेस्ट कशी होते ते सांगतो.

भारतात हे काम नाडा करते. अधिकारी स्पर्धेत येतो, कधी न सांगता सरावाच्या जागीही येतो. त्याच्या नजरेसमोर किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते. (अठराच्या आत असाल तर सोबत मोठं माणूस ठेवायचा हक्क आहे, तो वापराच.) नमुना 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत सील होतो. बाटलीवर नाव नसतं, फक्त नंबर. प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना त्यांच्या वजनावरून ओळखतो. स्टिरॉइड शरीरात मोडलं तरी त्याचे अवशेष उरतात आणि मशीन तेच शोधतं. काही अवशेष कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे 'आठ दिवस आधी बंद केलं की झालं' ही जिममधली थाप आहे. 'ए' पॉझिटिव्ह आला तर 'बी' तपासायची मागणी करता येते.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव आठवतो? २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅनडायनोन सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. नाडाने ते मान्य केलं, पण क्रीडा लवादाने ४ वर्षांची बंदी घातली. नियमच तसा आहे: अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. कसं आलं, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

शाळेतल्या मुलांना कोण तपासतं, असं समजू नका. २०१८ च्या खेलो इंडिया शालेय स्पर्धेतही खेळाडू पॉझिटिव्ह निघाले होते. आणि वाढीच्या वयात स्टिरॉइड घेतलं तर हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटू शकते. ते कुठल्याच डब्यावर छापत नाहीत.

सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे बंद आहे. त्यासाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप मोबाइलमध्ये ठेवा. औषधाचं नाव टाकलं की ते बंदी यादीत आहे का ते कळतं. खुल्या पावडरीत काय मिसळलंय, ते मात्र हे ॲप सांगू शकत नाही.