शाळेतली कुलुपं

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाच्या नावामागे रेल्वे, दुसऱ्याच्या मागे बाजार. बाहेरचा माणूस हमखास घोटाळा करतो. आमचं ते बाजाराचं. संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख. नरखेड-अमरावती मार्गाचे रूळ आमच्याकडे पोचले ते पार एकविसाव्या शतकात. तोवर शाळेचं सामान एसटीच्या टपावरून यायचं. पंजाबराव देशमुख पापळहून शिकायला गेले ते चांदूरही आमचं नव्हे, रेल्वेवालं. दर २७ डिसेंबरला त्यांच्या जयंतीला एखादा पाहुणा भाषणात ती गल्लत करायचाच, आणि चहाच्या वेळी त्याच्या कानात खरं काय ते सांगायचं काम माझ्याकडे असायचं.

मी शिक्षक नव्हतो. तालुक्यातल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर म्हणून १९८० साली लागलो आणि तिथूनच सेवानिवृत्त झालो. पोरं 'लॅबवाले भाऊ' म्हणायची. शाळेचा इतिहास लिहायचा अधिकार मुख्याध्यापकांचा, हे मला कळतं. पण सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमध्ये तो अनेकदा लिहून झालाय: संस्थापकांचे फोटो, निकालाची टक्केवारी, देणगीदारांची यादी. किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला होता त्याला वेगळं काही दिसलेलं असतं. शिकण्यासाठी म्हणून जे जे शाळेत आलं, ते आधी कुलपात गेलं. आणि पोरं जे खरोखर शिकली, ते बहुतेक कुलपाबाहेर.

थोडं मागं जाऊ. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यानंतर कित्येक वर्षं अख्ख्या वऱ्हाडात सरकारी हायस्कुलं दोन, एक अमरावतीला, एक अकोल्याला. चांदूरच्या, शिरजगावच्या, करजगावच्या पोरानं मॅट्रिक व्हायचं म्हणजे आधी घर सोडायचं. झोपायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडे, हे प्रश्न इंग्रजी-गणिताच्या आधी. पंजाबरावांनी ते अंगावर काढले होते: पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. वर्ग बदलला की गाव बदलायचं. विलायतेतून डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं केलं, सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली ठेवणारं. तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. खेड्यापाड्यांत हायस्कुलं पोचली ती त्यांच्यासारख्यांच्या संस्थांमुळे. सरकारच्या भरवशावर राहिलो असतो तर माझं स्वतःचं शिक्षण चौथीत संपलं असतं.

तर १९८० साली माझ्या ताब्यात काय आलं? दोन लाकडी कपाटं, पेटीतला एक सूक्ष्मदर्शक, तराजू, परीक्षानळ्या, एक मानवी सांगाडा (तोही प्लॅस्टिकचा) आणि डेड स्टॉक रजिस्टर. या रजिस्टरानं आमच्याकडच्या विज्ञानाचं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुठल्या वाईट मास्तरनंही केलं नसेल. वस्तू फुटली की नोंद, नोंद झाली की खुलासा, खुलासा पटला नाही की वसुली. मग कोण कपाट उघडतो? बहुतेक प्रयोग फळ्यावर व्हायचे. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी मी सगळं बाहेर काढायचो, पुसायचो, चिठ्ठ्या लावायचो. साहेब गेले की परत आत. दहावीच्या प्रात्यक्षिकाला पोरगं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचं आणि स्वतःच्या पापण्या बघून म्हणायचं, "भाऊ, दिसलं!"

शिबिराची गोष्ट निराळी. आमच्या जिल्ह्याला शिबिरांचं वेडच आहे म्हणा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९२४ पासून उन्हाळी वर्ग भरवले. भर मे महिन्यात, वऱ्हाडच्या उन्हात पोरं मल्लखांबावर चढायची, आणि याच मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शिबिरं, पहाटेचं ध्यान, सामुदायिक प्रार्थना. १९४८ साली एनसीसी आली, १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स. आणि आमच्याच तालुक्यात नागरवाडीला गाडगेबाबांचा आश्रम. बाबा १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गेले. पण तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचं शिबिर घ्या, पहिलं काम झाडूचंच असायचं, अजूनही असतं.

आमच्या स्काउट पथकाबरोबर मी जायचो ते स्वयंपाकाच्या सामानावर नजर ठेवायला. विश्रोळीच्या पूर्णा धरणाकडे, एखाद्या वेळी चिखलदऱ्याला. शेवटच्या दिवशी रोडगे ठरलेले. पाहायचं असेल तर तिथं पाहावं पोरगं शिकतं कसं. कणकेच्या लहान लहान पाऱ्या, प्रत्येकीला तेलाचा हात, एकीत एक गुंडाळून गोळा करायचा. गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि धूर पूर्ण सरेपर्यंत थांबायचं. शहाण्या पोरांना हे थांबणं जमत नाही. धुरात टाकलेला रोडगा वरून काळा, आतून कच्चा. लाल विस्तव झाला की तो पसरायचा, रोडगे त्यावर मांडायचे, फिरवत राहायचे, मग गरम राखेत गाडायचे. बाहेर काढून फडक्यात घालून दोन झटके दिले की राख गळते. सोबत वांग्याची भाजी, वरण. पहिल्या खेपेचे निम्मे रोडगे बिघडायचे आणि ते कुठल्याही रजिस्टरात चढत नसत. दुसऱ्या खेपेला त्याच पोरांचे उत्तम व्हायचे. शिवाय कणीक कुणी मळली हे विचारायची सोय नव्हती. घरी ज्यांची ताटं वेगळी पडायची अशी पोरं तिथं एका परातीत हात घालायची. परत आल्यावर गावात काय बदललं? फारसं नाही. पण त्यांतली काही पोरं आज पन्नाशीची आहेत, आणि लग्नकार्यात एकमेकांकडे जेवतात.

मुलींचं सांगायचं तर, त्यांना शिबिर म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मुक्कामाला आई-बाप सोडत नसत, आणि शाळाही जोखीम घेत नसे. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

संगणकाचं पहिलं नाव आम्ही पेपरात वाचलं. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढली, बीबीसी मायक्रो जातीची यंत्रं देशातल्या अडीचशे शाळांना दिली. आमच्यापर्यंत तिचा वाराही आला नाही. चांदूरच्या पोरांनी संगणक प्रत्यक्ष पाहिला तो खाजगी क्लासमध्ये, २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर. नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू लागलं तसे बाजारातल्या गाळ्यांवर फलक चढले. मग दहाएक वर्षं उलटायच्या आत सरकारच्या आयसीटी योजनेतून शाळांना यंत्रं मिळू लागली. करार पाच वर्षांचा, यंत्रं एजन्सीची, शिकवणारे कंत्राटी.

आमची खोली आठवते. शाळेत कुठंच फरशी नव्हती, तिथं बसली. खिडक्यांना पडदे, खाली गालिचा, चपला बाहेर. दाराला लाकडी कवाड आणि त्यापुढे लोखंडी ग्रिल, म्हणजे कुलुपं दोन. मॉनिटरवर कापडी झूल. दसऱ्याला झेंडूचा हार आणि हळदीकुंकू, तेही मीच वाहायचो. कंत्राटी शिक्षकाचा पगार महिनोन्महिने यायचा नाही, तरी बिचारा रोज मोटारसायकलवर यायचा. यंत्रं होती दहा, चालू कधी आठ, कधी सहा. आणि त्याहून मोठं कुलूप महावितरणचं. ती भारनियमनाची वर्षं. खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची, आणि शाळेची वेळ अकरा ते पाच नेमकी त्यात सापडायची. तासिकेला पोरं गालिच्यावर बसून वहीत सीपीयूचं चित्र काढायची. उपकरण फळ्यावर शिकवायचा आमचा सराव जुनाच होता.

गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यातलं मेळघाटातलं हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पाठीशी. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच हरिसालची चित्रफीत सभेत लावून जाहिरात आणि गाव यांतलं अंतर दाखवलं. मला दोन्ही बाजूंचं फारसं नवल वाटलं नाही. यंत्र पोचवणं आणि यंत्र हाताला लागू देणं, यांतलं अंतर मी बरीच वर्षं दारात उभा राहून पाहिलं होतं.

आणि करोनात सगळंच उलटं झालं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद, दीक्षा ॲप, पुस्तकावरचे क्यूआर कोड, पाहणाऱ्याच्या हातात बापाचा मोबाइल. बाकी महाराष्ट्र जरा उघडत होता तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि १६ जुलैला निकाल लागला तर संकेतस्थळ तासन् तास उघडेना. माझा नातू दहावीलाच होता. हातात यंत्र, कुलूप नाही, तपासणी नाही, डेड स्टॉक नाही. माझ्या हिशेबानं हा सुवर्णकाळ ठरायला हवा होता. पण तो एकटा होता. रोडगा धुरात टाकू नको म्हणून ओरडायला शेजारी कुणी नव्हतं, आणि त्याचा बिघडला हे पाहून हसायलाही नव्हतं.

म्हणून शिबिर आणि संगणक ही दोन प्रकरणं वेगळी लिहू नयेत असं मला वाटतं. आमच्याकडे ती एकदा एकत्र आली होती. भारनियमनाच्याच काळात, डिसेंबरात. गाइडच्या बाईंनी ठरवलं की मुलींना बाहेर पाठवत नाहीत ना, मग शाळेतच मुक्कामी शिबिर घेऊ. बाई घरोघर फिरल्या. शेवटी तयार झालेल्या मुलींबरोबर दोन-तीन आयाही सतरंजी घेऊन आल्या, पहाऱ्याला. दिवसभर झाडलोट, गाठी, प्रथमोपचार. रात्री दहाच्या पुढे वीज आली, कारण ती तेव्हाच यायची. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्रिल उघडलं, मग कवाड.

त्या रात्री सात यंत्रं चालू होती आणि एकेकापुढे तीन-तीन पोरी. कुणी पेंटमध्ये रांगोळी काढत होती. नववीतली एक मुलगी एक्सेल घेऊन बसली. तिच्या घरी कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायांची नावं तिला पाठ, कुणी किती किलो वेचला तेही पाठ; बाप रोज रात्री कॅलेंडरच्या मागे तो हिशेब मांडायचा. तिनं नावं इंग्रजीत टंकली, पुढं किलो, त्यापुढं दर. गुणाकाराचं सूत्र बाईंनी एकदा घालून दिलं, खाली ओढायला शिकवलं. मग दर किलोमागे एक रुपयानं वाढवून पाहिला आणि सगळ्यांची मजुरी खालपर्यंत एका दमात बदलली. ती खुर्चीवरून उठलीच. "भाऊ, हे त माह्या बाबाले दाखवा लागते." मागं उभी असलेली एक आई म्हणाली, "दाखवजो मा, पण दर वाढवलेला नको दाखवू." सगळ्या खदखदून हसल्या. पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही. कंत्राटी शिक्षकाला सकाळी कळलं तेव्हा तो आधी घाबरला, मग एकेक यंत्र सुरू करून पाहत गेला. एकही बिघडलं नव्हतं.

सोमवारी शिबिराचा अहवाल पाठवायचा होता. छापील नमुन्यात रकाने चार: स्वच्छता, श्रमदान, वृक्षारोपण, सांस्कृतिक कार्यक्रम. बाईंनी थोडा विचार केला आणि रात्री दहा ते पहाटेचे तास 'सांस्कृतिक कार्यक्रम' या रकान्यात घातले. दुय्यम प्रत शाळेच्या कपाटात आहे. पुढं कधी कुणी आमच्या शाळेचा इतिहास कागदावरून लिहायला बसलं, तर त्या रात्री मुलींनी गाणी म्हटली असंच त्याला सापडेल.