विमानाची देखभाल: काटकसर नेमकी कुठे होते?

नाशिकजवळ ओझरला पूर्वी मिग-21 विमाने बांधलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 2023 मध्ये एअरबसशी करार केला. ए-320 जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल-दुरुस्ती नाशिकला करण्यासाठीचा हा करार आहे. या कामात काटकसर कुठे शिरते?

तपासणी: काही शे उड्डाण-तासांनी ‘ए-चेक’ होतो, तर साधारण दीड-दोन वर्षांनी मोठा ‘सी-चेक’. त्यासाठी विमान बरेच दिवस हँगरमध्ये राहते. उभे विमान कमाई करत नाही, म्हणून घाईचा दबाव इथेच येतो.

पुढे ढकललेले बिघाड: काही किरकोळ बिघाड असतानाही उड्डाणाला परवानगी असते. त्यांच्या दुरुस्तीची मुदत यादीत ठरलेली असते. बिघाडाच्या वर्गानुसार 3, 10 किंवा 120 दिवस. नियम सुरक्षित आहे. पण मूळ कारण न शोधता वरवर डागडुजी केली, तर तोच बिघाड परततो.

जून 2025 मध्ये डीजीसीएने दिल्ली-मुंबईसह मोठ्या विमानतळांवर पाहणी केली. तेव्हा नोंदलेले बिघाड पुन्हा उद्भवल्याची अनेक उदाहरणे सापडली. झिजलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावे लागले.

सही: दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही. उशीर होत असतानाही त्याला सही नाकारता येते का, यावर देखभालीचा दर्जा ठरतो.