मालमोटारीच्या टपावरचे दिवे



अमेरिकेतील मोठ्या मालमोटारीचे चित्र आपण पाहिले असेल. तिच्या केबिनच्या टपावर पिवळसर दिवे ओळीने लावलेले असतात; मधोमध तीन आणि दोन्ही कडांना एकेक. ही निव्वळ शोभा असावी, असे आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटत होते. ड्रायव्हर मंडळींत वावरणाऱ्या माणसाने असे समजावे, हे थोडे लाजिरवाणेच!

काळोखात समोरून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही. दिसतात ते तिचे दोन दिवे. त्या दोहोंतले अंतर कमी भासले की गाडी लांब आहे, आणि जास्त भासले की ती जवळ आली, असा हिशेब डोळे आपोआप करतात. जुन्या मालमोटारींत हे दिवे रेडिएटरच्या दोन अंगांना, एकमेकांजवळ असत आणि मागचा हौदा त्यांच्या बराच बाहेर आलेला असे. समोरच्याला वाटे, लहान मोटार आहे, अजून दूर आहे. ज्याला तो मोकळा रस्ता समजे, तेथे हौद्याचा कोपरा असे. कडेचे दिवे तो कोपरा दाखवितात. मधले तीन दिवे इतकेच सांगतात की, येणारी गाडी रुंद जातीची आहे. ते उंचावर असल्यामुळे चढावापलीकडून हेडलाइटच्या आधी दिसू लागतात. मागच्या बाजूला हेच दिवे लाल असतात, म्हणजे गाडीचे तोंड पाहतो आहोत की पाठ, हेही कळते.

यातले एक दिवसुद्धा रस्ता उजळीत नाही. ज्याच्या डोक्यावर ते जळतात त्या ड्रायव्हरला ते दिसतही नाहीत. ते सारे दुसऱ्यासाठी आहेत. मग त्यांचा खर्च कोणी करावयाचा? आमच्या मते या दिव्यांचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे.

अमेरिकेतील वाहतूक कामगारांची मोठी संघटना 1903 साली स्थापन झाली. तिच्या सभासदांना टीमस्टर म्हणतात. टीम म्हणजे गाडीला जुंपलेली जनावरे. घोडे गेले, इंजिन आले, नाव तेच राहिले. 1934 साली मिनियापोलिस शहरात त्यांचा संप झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन संपवाले मेले. पुढच्याच वर्षी, 1935 साली, मोटार वाहतुकीचा मध्यवर्ती कायदा झाला. तो या रक्तामुळे झाला असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा मुख्य रोख परवाने आणि भाड्याचे दर यांवर होता, आणि रेल्वे कंपन्यांनाही तो हवा होता. पण त्यात एक कलम असे होते की, ज्याने आंतरराज्य व्यापार आयोगाला गाडीच्या साधनांची सुरक्षितता आणि कामगारांचे कमाल तास, या दोन्हींवर एकदम अधिकार दिला. दिवा आणि झोप एका कलमात आली! आम्हांला हे फार शहाणपणाचे वाटते. पेंगणाऱ्या माणसाच्या टपावर पाच दिवे लावून काय साधणार?

तरी हे बंधन गाडी चालविणाऱ्या धंद्यावर होते. 1966 साली वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि भार कारखानदारावर गेला. 1 जानेवारी 1968 पासून 80 इंच, म्हणजे सुमारे 2 मीटर 3 सेंटिमीटर, किंवा त्याहून रुंद नव्या ट्रकला व ट्रेलरला हे दिवे कारखान्यातूनच लावून द्यावे लागले. हा आकडा इतका काटेकोर आहे की, फोर्डची रॅप्टर नावाची रुंद पिकअप निघाली, तेव्हा दिसायला ती हौसेची गाडी असूनही तिच्या जाळीत तीन पिवळे दिवे बसवावे लागले. अरुंद गाडीवर ते केवळ ऐटीसाठी लावणारे हौशी लोक तिकडे आहेतच. पुढे 1 डिसेंबर 1993 पासून बनलेल्या मोठ्या ट्रेलरांना लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्याही सक्तीच्या झाल्या. दिव्याची तार तुटते, पट्टीला तारच नाही.

आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 107 वा नियम याच दिव्यांचा आहे. 2.1 मीटरहून रुंद मालगाडीला वरच्या दोन कोपऱ्यांत पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे हवेत. आणि रात्री गाडी रस्त्यावर उभी असली तरी ते जळत राहिले पाहिजेत. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे आणि तोच पाळला जात नाही. बल्ब गेला तर नवा आणायला पैसे न देणारे, आणि दंड झाला की तो ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापणारे मालक आम्ही पाहिले आहेत. बॅटरी उतरली तर सकाळी गाडी सुरू होणार नाही आणि बोलणी खावी लागतील, या धास्तीने ड्रायव्हर दिवे मालवून टाकतो. मग टायर फुटून कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकमागे क्लीनर झाडाची फांदी टाकतो आणि दोनचार दगड मांडतो. पहाटे चाक बदलून ट्रक निघून जातो. दगड तेथेच राहतात, आणि मागून दूधवाला मोटारसायकलवर येत असतो.