शाल, श्रीफळ आणि तुळईवरची ओळ

यात्रा-जयंत्यांचा मोसम आला की आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. समाजभूषण, कलारत्न, उद्योगरत्न. स्टेजवर दहा-बारा सत्कारमूर्ती, प्रत्येकाच्या वाट्याला शाल, श्रीफळ, एक सन्मानचिन्ह आणि फोटोपुरते वीस सेकंद. मला या प्रकाराचं हसू यायचं. मग एकदा मंद्रूपहून गाडी काढून कुडलला गेलो आणि ते हसू जरा आवरलं.

मंद्रूप सोलापूर-विजयपूर महामार्गावर, दोन नद्यांच्या मधे आहे. सोलापूरकडून येताना वडकबाळजवळ सीना लागते, पुढे टाकळीजवळ भीमा. या दोघी हत्तरसंग कुडलला एकमेकींना मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर एक लेख कोरलेला आहे, शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. त्याचा शेवट अजब आहे. बहुतेक जुने लेख राजाचं किंवा दात्याचं कौतुक करतात. हा लेख शेवटी वाचणाऱ्याला आशीर्वाद देतो. जो हे वाचेल, तो विजयी होईल.

माणसांचा जाहीर गौरव करण्याची या भागातली रीत फ्लेक्सपेक्षा फार जुनी आहे. गावाच्या वेशीवर, देवळामागे शेंदूर फासलेला एखादा दगड दिसतो. लोक त्याला नमस्कार करून पुढे जातात. नीट पाहिलं तर तो वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई (बऱ्याचदा गाईगुरं सोडवताना झालेली), मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. गंमत अशी की पुष्कळ वीरगळांवर नाव कोरलेलंच नाही. गावाला तेव्हा ते माहीत होतं, लिहायची गरज कुणाला वाटली असेल?

चालुक्य काळातल्या कन्नड लेखांत राजांच्या बरोबरीने धंदेवाले भेटतात. अय्यावोळे पाचशे नावाचा व्यापाऱ्यांचा मोठा संघ, तेली, विणकर, विड्याची पानं विकणारे. घाण्यामागे इतकं तेल देवळाच्या दिव्याला, ओझ्यामागे इतकी पानं, असा हिशेब दगडावर. आजच्या भाषेत हेच उद्योगरत्न. फरक इतकाच की त्यांचं नाव कोरलं गेलं ते त्यांनी काय दिलं यासाठी, आणि मापासकट.

पुढे फारसी-अरबीतून एक शब्द आला आणि मराठीत घर करून बसला : इनाम. आज आपण तो बक्षिसासाठी वापरतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र इनाम म्हटलं की आधी जमीन आठवते. गौरव म्हणजे पोटाची सोय, असं तो शब्दच सांगतो.

पण इथे जरा थांबायला हवं, कारण जुनं ते सोनं म्हणण्याचा मोह होतो. महार वतनाची जमीनही नावाला वतनच होती. त्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं करायची, पिढ्यान्‌पिढ्या. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते हा मान गळ्यातला फास झाला होता म्हणून. अशी कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला 1958 मध्ये, बाबासाहेब गेल्यानंतर.

मान अजून आहेच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पहिल्याचा मान हिरेहब्बूंचा, मग देशमुख, लिंगायत माळी, विश्वब्राह्मण; सहावा आणि सातवा मातंग समाजाचा. हा पुरस्कार अर्ज करून मिळत नाही, निवड समिती नाही. तो घराण्याला, समाजाला मिळालेला असतो. सगळे त्यात आहेत, हे मोठंच. क्रम मात्र मला दर वेळी दिसतो.

याच मातंग समाजातली, याच जिल्ह्यात पंढरपूरला 1935 साली जन्मलेली एक बाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या तमाशाची परंपरा तिने अशी पुढे नेली की लोक तिला तमाशासम्राज्ञी म्हणू लागले. विठाबाई नारायणगावकर. प्रयोग चालू असताना कळा आल्या, ती तंबूमागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडात उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा दोनदा सन्मान झाला, 1957 आणि 1990 मध्ये. 2002 च्या जानेवारीत ती गेली तेव्हा दवाखान्याचं बिल भरायला लोकांनी वर्गणी दिली होती. त्यानंतर काही वर्षांनी राज्य सरकारने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याला नाव दिलं विठाबाईंचं. पुढे तो तिच्याच लेकीला, मंगला बनसोडेंनाही मिळाला.

दोन राष्ट्रपती सन्मान आणि एक थकलेलं बिल. कुडलहून परतताना मी हे दोन्ही शेजारी ठेवून पाहत होतो. तेल्यांच्या त्या लेखात दिव्याला तेल कुठून येणार याची तरी तजवीज होती.

आणि ती तुळई? तिच्यावरची अक्षरं जगापुढे आणण्याचं श्रेय जातं सोलापूरच्या आनंद कुंभारांना. हा माणूस प्राध्यापक नव्हता, कुठल्या विद्यापीठात नव्हता. वीज मंडळात साधी नोकरी. सुट्टी मिळाली की जिल्ह्यातली गावं पालथी घालायची, देवळांतले दगड पुसायचे, ठसे घ्यायचे, वाचायचे. त्यातून सोलापूर जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचं पुस्तक उभं राहिलं. 2019 मध्ये ते गेले.

आता चौकातल्या फ्लेक्ससमोर मी थांबतो आणि खालची बारीक अक्षरातली नावं वाचतो. गेल्या खेपेला त्यात एक मडकी घडवणाऱ्या आजी होत्या. फ्लेक्स पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेला.