जुन्या मोटारीचा पत्रा

जुनी मोटार कोणी घरी दुरुस्तीस काढली, की येणारे-जाणारे प्रथम तिच्या इंजिनाची विचारपूस करितात. ते स्वाभाविकच आहे. चालत नाही ती मोटार कसली? तथापि मोटारीचा इतिहास कोठे लिहिलेला असतो असे आम्हांस कोणी विचारील, तर आम्ही तिच्या पत्र्याकडे बोट दाखवू. इंजिनाचे झिजलेले भाग काढून नवे बसविता येतात, आणि तसे केल्याने गाडी दुसरी होत नाही. पत्रा मात्र आघात, ऊन, पाणी आणि धन्याची आवडनिवड यांची नोंद आपल्या अंगावर ठेवीत जातो. ती पुसून टाकण्यास एक दुपार पुरते. पाटोद्याच्या आमच्या घरामागे छपराखाली पडून असलेली फियाट ११००-डी आम्ही उजळावयास घेतली, तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानी आली.

मोटारीचे अंग ही मुळात बग्गीची मिरास. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे कारखाने बहुधा चासी, चाके आणि इंजिन एवढेच करून देत. त्यावर अंग चढविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडे जाई. आत लाकडाची चौकट, तीवर हाताने ठोकून वळविलेला पत्रा, आणि त्यावर रंगाचे हातावर हात, अशी ती रचना असे. पाटोदा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात मोडत होता, त्या घराण्याची पिवळी रोल्स-रॉइस हा या कलेचा नामांकित नमुना होय. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेल्या या 'सिल्व्हर घोस्ट'वर लंडनच्या बार्कर कंपनीने अंग चढविले आणि मागचे आसन सिंहासनासारखे उंच केले. गाडी हाती येण्यापूर्वीच, १९११ साली, निजाम निवर्तले. ती आज हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते.

रयतेच्या नशिबी अर्थातच तसले सिंहासन नव्हते. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी आपले मोटार खाते उघडले, तेव्हा सामान्य माणसाचा मोटारीशी सरकारी संबंध सुरू झाला. सरहद्दीपलीकडे, अहमदनगरहून पुण्यास, पहिली एस. टी. निघाली ती १ जून १९४८ रोजी. तिचे अंगही लाकडाचेच होते. राजाची गाडी असो की रयतेची, सुतार आणि लोहार यांच्यावाचून ती उभी राहत नसे.

पोलादाने हा संसार मोडला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१४ साली डॉज बंधूंसाठी सबंध पोलादी अंगे काढावयास आरंभ केला. लाकूड गेले, साच्याचा दाब आला. रंग वाळण्यास जे आठवडे लागत, ते १९२३-२४ च्या सुमारास निघालेल्या 'ड्यूको' रंगाने दिवसांवर आणले. पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. वेगळी चासीच नाहीशी झाली. तळ, खांब, छप्पर आणि दाराखालचे उंबरठे एकमेकांस झाळून सगळ्या पत्र्याचाच सांगाडा झाला. इटलीत १९५३ साली निघालेली फियाट ११०० याच जातीची.

ती आपल्याकडे आली वालचंद हिराचंद यांच्या कारखान्यातून. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली. १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. वालचंद तिला पाहावयास उरले नव्हते. ते १९५३ सालीच वारले. तिच्या पुढे आलेल्या नाकाडावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. नाव प्रेमाचे की कुचेष्टेचे, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. १९६४ पासून ११००-डी आली, आणि पुढे तीच 'पद्मिनी' या नावाने जुन्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली.

आता घरच्या दुरुस्तीची गोष्ट. चासीवर अंग बसविलेल्या गाडीचे बोल्ट काढून अंग उचलून बाजूस ठेवता येते. कुजलेले लाकूड सुतार बदलून देतो. फियाटीस हे लागू नाही. तिचा उंबरठा गंजला म्हणजे घराची तुळईच गंजली. गाडी वेडीवाकडी उचलून तो पत्रा कापला, तर मधला भाग खाली बसतो, आणि नवा पत्रा झाळून झाल्यावर दार लागत नाही. म्हणून दारे बंद ठेवून, तळास सारखे टेकू देऊन, एका वेळी एकच बाजू उघडावी. पोचा काढतानाही घाई नडते. आतून डॉलीचा आधार देऊन बाहेरून हलकी हातोडी मारावी. जोराने मारल्यास पत्रा ताणतो, फुगतो, आणि मग तो तापवून, गार करून पुन्हा आक्रसवावा लागतो.

गंज मात्र बहुतेक आतून येतो. काचेच्या फटीतून दारात उतरलेले पाणी खालच्या बारीक भोकांतून निघून जावे अशी योजना असते. ती भोके चिखलाने बुजली, की दार हळूहळू पोटातून सडते. बाहेर रंगास फोड दिसतो तेव्हा आत पत्रा उरलेला नसतो. त्यावर पुट्टी थापून रंग मारण्याची जी सर्वत्र चाल आहे, ती म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची मुदत होय. आमच्या बालाघाटच्या पठारावर पाऊस बेताचा. मांजरेचा उगम याच तालुक्यातला असूनही पाण्याचे दुर्भिक्ष आमच्या पाचवीस पुजलेले. पण या एका बाबतीत ते उपकारक ठरले. मुंबईच्या खाऱ्या हवेत जी गाडी केव्हाच चाळणी झाली असती, ती येथे शाबूत राहिली.

आमच्या घरात पूर्वापार असे सांगत की, वडिलांनी ही गाडी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतली. पाहुण्यांस हे सांगताना आवाज किंचित चढत असे. छपराच्या कडेचे रबर काढून आम्ही बारीक पॉलिश पेपराने पांढरा रंग घासला, तो खाली पिवळा निघाला. दाराच्या खांबावर घासले, तेथे काळा. अंग काळे आणि छप्पर पिवळे! मुंबई ज्याने पाहिली आहे त्यास अधिक सांगणे नको. डॉक्टरसाहेब मधे कोठे असतीलही. परंतु गाडी आधी टॅक्सी होती.

कारागीर म्हणाला, "काका, पत्र्यापर्यंत सगळं उतरवू द्या. वर नवा रंग बसला की कोणाला काय कळतंय?" आमच्या थोरल्या वहिनींचेही तेच मत पडले, टॅक्सीचे भाडे मोजणाऱ्या मोटारीतून आपण लग्नाची वरात काढली, ही कल्पना त्यांस रुचेना. कारागिराच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. गंजावर रंग टिकत नाही, आणि सडलेल्या जागी पत्रा उघडा करावाच लागतो. पण जेथे पत्रा धड आहे तेथेही सर्व थर खरवडणे म्हणजे जुन्या दप्तरातील कागद स्वच्छ दिसावा म्हणून त्यावरची शाई धुणे होय. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांतही पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' म्हणताना चासी, अंग आणि इंजिन मूळ रूपात असावे अशी अट आहे. रंगाच्या थरांविषयी कायदा काही बोलत नाही. ते ज्याने त्याने ठरवावयाचे.

शिवाय त्या काळ्या-पिवळ्या रंगाची लाज कशाची धरावी? निजामाची रोल्स-रॉइस राजवाड्यात सुरक्षित आहे. ज्या गाड्यांनी मुंबईची दोन-तीन पिढ्यांची माणसे दवाखान्यात, स्टेशनावर आणि लग्नमंडपात पोचविली, त्यांतली २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. भंगारात गेलेल्यांची गणती कोणी ठेवली आहे?

शेवटी तडजोड झाली. दोन्ही उंबरठे आणि उजव्या दाराचा खालचा भाग कापून नवा पत्रा झाळला. बाकीचा पत्रा नुसता घासून त्यावर अस्तर आणि मग पांढरा रंग दिला, कारण आमच्या घरात ती पांढरीच म्हणून ओळखली जाते. डाव्या दाराच्या खांबावर, दार उघडल्यावरच दिसेल अशा जागी, तळहाताएवढी काळी पट्टी आणि छपराच्या आतल्या कडेस बोटभर पिवळी तशीच राखली आहे. वहिनी त्या बाजूने बसत नाहीत.