धाकट्याची गिटार आणि अर्ध्या इंचाचं भोक

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खंड पडला.

गणपतीच्या आधीची गोष्ट. नातू म्हणाला, "आजोबा, धाकट्या आजोबांच्या गिटारला खालच्या बाजूला एक भोक पाडावं लागेल. पिकअप बसवायचाय, सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवणार आहे." साधारण अर्ध्या इंचाचं भोक! मी एकदम ओरडलोच. धाकटा जाऊन सहा वर्षं झाली, त्याची तेवढी एकच वस्तू घरात राहिली आहे. पोरगं गप्प होऊन आत निघून गेलं.

मग मलाच चैन पडेना. मी इतिहासाचा मास्तर, भांडणाच्या मुळाशी जायची जुनी सवय. म्हटलं, बघू तरी हे पिकअप प्रकरण आहे काय.

वाचल्यावर कळलं की, गिटारचं दुखणं पहिल्यापासून एकच : तिचा आवाज लहान. दिवाणखान्यात गोड, पण बँडमध्ये ट्रम्पेट आणि ढोलापुढे कोण ऐकणार? म्हणून आधी पेटी मोठी केली, आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा चढवल्या. 1927 च्या सुमारास अमेरिकेत 'नॅशनल' कंपनीने पेटीत ॲल्युमिनियमच्या तबकड्या बसवल्या. त्या काळात तिकडे हवाईयन गिटारचं वेड होतं. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनापासून ती लाट उसळली होती. मांडीवर आडवी ठेवून तारेवरून पट्टी सरकवायची, अशी ती गिटार. पुढे आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी तशाच आडव्या गिटारवर राग वाजवले. 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' अनेकांनी ऐकली असेल.

जॉर्ज बीचम हा असाच एक हवाईयन गिटार वाजवणारा. त्याने 1931 मध्ये लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन पिकअप बनवला. तत्त्व फॅरेडेचंच, 1831 मधलं. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि ती वाढवून स्पीकरला द्यायची. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत त्याने ती गिटार बाजारात आणली. आकारावरून तिला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणत. पेटंट मिळायला मात्र 1937 उजाडलं. आधीच्या वर्षी, म्हणजे 1936 मध्ये, गिब्सनने ईएस-150 काढली, आणि 1939 मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात आलेल्या चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर गिटारला सनई-क्लॅरिनेटच्या पंगतीत बसवलं. बिचारा 1942 मध्ये, पंचविशीतच गेला.

पण यात एक मेख आहे. चुंबकाला फक्त तार ऐकू येते. लाकूड कसं घुमतं ते त्याच्या कानावर फारसं जातच नाही. नायलॉनची तार लावली तर तो ठार बहिरा!

दुसरा मार्ग स्फटिकाचा. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं की काही स्फटिक दाबले तर त्यांत वीज निर्माण होते. तोच गुण असलेली पट्टी गिटारच्या घोडीखाली बसवायची. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ओव्हेशन ही गिटार कंपनी काढली, तिने हा प्रकार रूढ केला. हिला नायलॉनही चालतं. पण जोरात वाजवलं की आवाज थोडा बदकासारखा येतो, असं नातू म्हणतो. शिवाय वायर बाहेर काढायला भोक हवंच.

तिसरा मार्ग साधा माइक. खरा आवाज त्यातच. पेटीच्या भोकासमोर न धरता, मान जिथे पेटीला मिळते त्या बाराव्या पडद्याच्या आसपास, वीतभर अंतरावर ठेवायचा. भोकासमोर धरला तर नुसतं घुमतं. अडचण अशी की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. स्नेहसंमेलनात ही शिट्टी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पिकअप लावला तरी पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजाने थरथरते आणि घों घों करू लागते. 1964 मध्ये बीटल्सनी 'आय फील फाइन' या गाण्याच्या सुरुवातीला ते घोंघावणं मुद्दाम ठेवलं, ही गंमत वेगळी!

आणखी एक नोंद वाचली आणि मी थबकलो. 1993 मध्ये कर्ट कोबेनने 'एमटीव्ही अनप्लग्ड'मध्ये जी गिटार वाजवली, ती 1959 ची मार्टिन डी-18ई. मार्टिन म्हणजे 1833 पासूनचं नावाजलेलं घराणं. त्यांनी स्वतःच कारखान्यात तिच्यावर पिकअप आणि बटणं बसवली होती. म्हणजे लाकूड त्यांनीच कापलं. कार्यक्रमाचं नाव 'अनप्लग्ड', आणि गिटारला मात्र वायर! तीच गिटार 2020 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरला गेली. भोकांनी तिची किंमत काही कमी झाली नाही.

तेव्हा मला धाकट्याचं कॉलेजचं गॅदरिंग आठवलं. माइक एकच, तो गाणाऱ्याला दिला. धाकटा मागे खुर्चीवर बसून जीव तोडून वाजवत होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मलासुद्धा काही ऐकू आलं नाही. घरी येताना त्याने विचारलं, "दादा, ऐकू आलं का रे?" मी "हो" म्हणालो. ते खोटं आजही टोचतं.

सकाळी नातवाला म्हटलं, "पाड भोक." तर तो हसला. दुरुस्तीवाल्याने त्याला सांगितलं होतं की, तारा पोलादी आहेत, एका कार्यक्रमापुरता भोकात अडकवायचा चुंबकाचा पिकअप पुरेल. दोन स्क्रू आवळायचे, वायर पुढूनच बाहेर. लाकडाला धक्का नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. खरं सांगायचं तर आवाज घरच्यासारखा नव्हता, लाकूड कमी आणि तार जास्त. पण प्रत्येक सूर मागेपर्यंत पोचला.

घरी येताना नातवाने विचारलं, "आजोबा, ऐकू आलं?"

या वेळी "हो" म्हणताना अडखळलो नाही. असो. काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर कळवावं.